मलिक अंबर : मोखा ते खुलताबाद

आमच्या कॉलेजच्या इतिहास विभागाची सहल दरवर्षी डिसेंबरात निघते. यंदा ती तीन दिवसांची होती आणि वर्गणी प्रत्येकी हजार रुपये. अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला, चांदबीबी महाल, भातोडी, नेवासे, देवगिरी, खुलताबाद, वेरूळ आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर असा बेत होता. एस.टी.ची गाडी, बरोबर इतिहासाचे सर, मराठीच्या मॅडम आणि आम्ही बेचाळीस विद्यार्थी. सहलीवर लिहायचे म्हणजे गाडी किती वाजता सुटली, घाटात कोणाला मळमळले, रात्री शेकोटीपाशी कोणी गाणे म्हटले हे सारे आले पाहिजे. ते काम माझ्या एका मैत्रिणीकडे आहे. मी लिहिणार आहे ते तिन्ही दिवस आमच्या बरोबर असलेल्या, पण वर्गणी न भरलेल्या एका माणसाविषयी. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचे असे झाले. निघण्यापूर्वी सरांनी प्रत्येकाला एकेक ऐतिहासिक व्यक्ती वाटून द्यायचे ठरवले. ज्याची त्याने माहिती काढायची आणि त्या त्या ठिकाणी पोचल्यावर पाच मिनिटे बोलायचे. सगळ्या मुलींनी अहिल्यादेवी मागितल्या. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, चौंडी आमच्याच जिल्ह्यातली, तेव्हा ते साहजिकच होते. मलाही त्याच हव्या होत्या. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या हाती मलिक अंबर आला. मी थोडी खट्टू झाले. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी होत्या, त्यातली एक त्याच्या जमीनमहसुलावर होती आणि ती परीक्षेपुरती पाठ केली होती. पुढे पंधरा दिवस ग्रंथालयात बसून वाचले. मी कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयाचेच काम करते, त्यामुळे पुस्तके झाडता झाडता वाचणे सोपे पडले.

सहल हा शब्दच आमच्या घरात नवा आहे. मी पाथर्डी तालुक्यातली. आमच्याकडे प्रवास पुष्कळ होतो, पण तो पाहण्यासाठी होत नाही. दसरा-दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परत येतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लहान पोरे आणि वर माणसे. त्याखेरीज मोहट्याला देवीला आणि एकदा पंढरपूरला. सहलीचे पैसे भरू का असे फोनवर विचारले तेव्हा आईने पहिला प्रश्न केला की तिकडे जाऊन काम काय करायचे आहे? काम काही नाही, नुसते बघायचे, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जा म्हणाली. घरातले कोणी कामाशिवाय आणि नवसाशिवाय गाडीत बसल्याची ही पहिलीच वेळ असावी.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही भुईकोट किल्ला पाहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने दारावर ओळखपत्रे दाखवावी लागली. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली हे शहर वसवले. त्याचे आजोबा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले. किल्ला आधी मातीचा होता, तो हुसेन निजामशहाने १५५९ नंतर दगडात बांधून काढला. बावीस बुरूज आणि भोवती खंदक. बरोबरचे माहिती सांगणारे गृहस्थ आम्हांला आधी नेत्यांच्या कोठडीकडे घेऊन गेले. १९४२ साली नेहरू, आझाद, पटेल यांना येथेच आणून ठेवले होते आणि नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ येथेच लिहिला. नंतर चांदबीबी कोठे उभी राहून लढली ते दाखवले. मलिक अंबराविषयी त्या गृहस्थांनी आपण होऊन एक शब्द काढला नाही. म्हणून माझी पाच मिनिटे मी तेथेच, खंदकाच्या काठावर घेतली. पण पाच मिनिटांत हा माणूस मावत नाही. तेथे राहून गेलेले येथे सविस्तर सांगते.

अंबराचा जन्म साधारण १५४८ सालचा, आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. त्या देशाला आपल्याकडे हबसाण म्हणत आणि तेथल्या माणसांना हबशी. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि तांबड्या समुद्राच्या पलीकडे मोखा बंदराच्या बाजारात विकला गेला. पुढे १६१७ साली पीटर व्हॅन डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी अंबराला त्याच्या छावणीत भेटला होता. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे चापूची किंमत आली ती ऐंशी गिल्डर. मोखाहून त्याला बगदादला नेले आणि तेथल्या मीर कासीम नावाच्या मोठ्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. पोरगा हुशार आहे हे त्या व्यापाऱ्याने ओळखले. त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले, हिशेब शिकवला, मुसलमान करून घेतले आणि अंबर हे नाव दिले.

या ऐंशी गिल्डरपाशी मी वाचताना बराच वेळ अडले. माणसाची किंमत आकड्यात लिहिलेली पाहण्याची मला सवय नाही असे नाही. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या कोयत्याची उचल मुकादम दिवाळीच्या आधी मोजून देतो. यंदा कोणाच्या कोयत्याला किती मिळाले हे गावात पोराटोरांना तोंडपाठ असते. गुलामी आणि उचल या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे मला कळते. उचल फिटते, निदान फिटावी अशी अपेक्षा असते, आणि आई-वडील पाडव्यानंतर परत येतात. चापू परत गेला नाही. त्याचे आई-बाप कोण, त्याला भावंडे किती, हे कोणत्याही बखरीत येण्याचे कारणच नव्हते. ज्या पुस्तकांत त्याच्या लढाया पानेच्या पाने आहेत त्यांत त्याच्या आईसाठी एक ओळ नाही.

बगदादहून तो हिंदुस्थानात आला आणि १५७० च्या सुमारास अहमदनगरला पोचला. त्याला विकत घेणारा होता चंगीझखान, निजामशाहीचा पेशवा. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सरांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हती. हा पेशवा स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता. दक्षिणेतल्या सुलतानांना अशी माणसे हवी असत. इराणातून आलेले सरदार आणि इथले दख्खनी सरदार यांच्यात सतत चुरस चाले. ज्याला या मुलखात ना जात ना भाऊबंद असा गुलाम आपल्याशीच बांधलेला राहील असा राजांचा हिशेब असे. म्हणून गुलाम शिपाई होई, शिपाई सरदार होई, आणि मालक मेला की पुष्कळदा मोकळाही होई. चंगीझखानाच्या हाताखाली चार-पाच वर्षांत अंबराने दरबार कसा चालतो, पैसा कोठून येतो आणि कोठे मुरतो हे जवळून पाहिले. पुढे निजामशहाला चंगीझखानाचा संशय आला आणि त्याला विष दिले गेले. त्याच्या विधवेने अंबराला मोकळे केले. तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. त्याने करीमा नावाच्या स्त्रीशी लग्न केले.

मोकळा झाला म्हणजे मोठा झाला असे नाही. पुढची वीस वर्षे तो भाड्याचा शिपाई होता. नगर सोडून विजापूरच्या आदिलशहाकडे गेला, तेथे मलिक ही पदवी मिळाली, पण पगार वेळेवर मिळेना म्हणून आपले दीडशे स्वार घेऊन तो १५९५ च्या सुमारास परत आला. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. आमच्या गावात सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस म्हातारा समजतात. मलिक अंबराचे खरे चरित्र येथून पुढे सुरू होते.

तो परत आला तो काळ निजामशाहीचा सर्वांत वाईट. अकबराची फौज दारात होती. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगांनी तट फुटला तेव्हा चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवले. ही हकिगत आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. वऱ्हाड देऊन तेव्हा तह झाला, पण चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. १६०० साली चांदबीबीला तिच्याच लोकांनी ठार मारले आणि पाठोपाठ किल्ला पडला. बाल निजामशहाला कैद करून ग्वाल्हेरला पाठवले. दिल्ली-आग्र्याच्या हिशेबाने निजामशाही संपली.

चांदबीबीचा विषय निघाला म्हणून जाता जाता लिहिते. ज्याला आम्ही सगळे चांदबीबी महाल म्हणतो तो तिचा महाल नाही. ती सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे. पाथर्डीहून नगरला येताना डोंगरावर ती अष्टकोनी इमारत दिसते, आणि एस.टी.त बसलेले प्रत्येक माणूस शेजारच्याला तो महाल दाखवते. आम्ही वर गेलो तेव्हा वारा एवढा होता की सरांचा आवाजही ऐकू येईना. खाली चारी बाजूंना ज्वारीची शेते, मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे आणि लांबवर नगर. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले होते, पण रस्ता वरून कसा दिसतो ते प्रथमच पाहिले.

किल्ला पडल्यावर राज्य संपले असे मोगलांना वाटले, अंबराला वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. गादी एका जागी ठेवणे धोक्याचे होते. परांडा, मग जुन्नर, मग देवगिरीचा दौलताबाद किल्ला, अशी राजधानी हलत राहिली. १६०२ साली नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला उचलून बाहेर काढले. राजू दख्खनी नावाचा प्रतिस्पर्धी सरदार अर्धा मुलूख दाबून बसला होता, त्याचा बंदोबस्त करायला १६०७ उजाडले. तोवर अंबराने साठी गाठली होती.

त्याच्यावर चालून आलेल्या मोगल सरदारांत खानखानान अब्दुर्रहीमही होता. हिंदीच्या तासाला ज्याचे दोहे आम्ही शिकतो तोच हा रहीम! इतका शहाणा कवी आपल्या जिल्ह्यात फौज घेऊन फिरला आणि त्याला अंबर सापडला नाही, हे वाचून मला थोडी मौज वाटली. सापडणार कसा? मोगलांची फौज म्हणजे हत्ती, तोफा, तंबू, बाजारबुणगे यांचे चालते शहर. अंबराने मैदानात समोरासमोर उभे राहणे टाळले. हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार रसद तोडीत, पुढचा चारा जाळीत, रात्री छावणीवर पडून पहाटेच्या आत डोंगरात दिसेनासे होत. या स्वारांना बारगीर म्हणत. डोंगर, घाट, पाणवठा, कोरडी नदी सगळे त्यांच्या ओळखीचे होते. मालोजी भोसले, त्यांचे पुत्र शहाजीराजे आणि शरीफजी, लखुजी जाधव, ही मराठ्यांच्या इतिहासातली मोठी नावे निजामशाहीच्या चाकरीतली. गनिमी काव्याचे मूळ शोधताना इतिहासकार अंबरापाशी येऊन थांबतात ते यामुळे. १६१० साली त्याने नगरचा किल्ला परत घेतला.

त्याच वर्षी त्याने दौलताबादजवळ खडकी नावाच्या खेड्याच्या जागी नवे शहर वसवायला घेतले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तिसऱ्या दिवशी आम्ही ते पाहिले. त्याने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा अजून भक्कम उभा आहे, खालून रिक्षा आणि स्कूटर जातात. पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती नहर-ए-अंबरी. खडकी दगडावर वसलेली, पाणी खाली. शहराच्या उत्तरेकडे जमिनीतले पाणी गोळा करून त्याने ते भुयारी पाटाने शहरात आणले, आणि वाटेत हवेचा दाब मोकळा व्हावा म्हणून ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारले. दरबारातल्या मंडळींनी आधी या योजनेची चेष्टा केली म्हणतात. हे पाणी पुढे शतकानुशतके त्या शहराने प्यायले. पाणचक्कीपाशी तेथल्या मार्गदर्शकाने हीसुद्धा मलिक अंबरानेच बांधली असे ठणकावून सांगितले. ती अठराव्या शतकातली, तिची नहर वेगळी. सर हसले आणि काही बोलले नाहीत. मला मात्र बरे वाटले. न केलेल्या कामाचेही श्रेय मिळते म्हणजे त्या शहरात त्याचे नाव पाण्याशी पक्के जोडलेले आहे.

जमिनीचे त्याने काय केले ते थोडक्यात लिहिते, कारण तेवढाच भाग सर्वांना शाळेत झालेला असतो. मक्तेदाराला गाव देऊन टाकायचे आणि त्याने शेतकऱ्याला पिळायचे ही पद्धत त्याने मोडली. जमिनीचा कस आणि पीक पाहून धारा ठरवला. सरकारचा वाटा धान्यात पाच हिश्श्यांतले दोन, पुढे रोख घेऊ लागल्यावर उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वसुली गावाच्या पाटलामार्फत. पीक बुडाले तर धारा उतरे. मलिकंबरी धारा हा शब्द पुढे कित्येक पिढ्या कागदपत्रांत राहिला आणि शिवाजी महाराजांच्या लहानपणी पुणे प्रांताची घडी बसवतानाही हीच पद्धत पुढे ठेवली गेली. पाचांतले दोन म्हणजे काही कमी नाही, आमच्या तीन एकर कोरडवाहूतून दोन हिस्से गेले तर उरेल काय? पण काय द्यायचे आहे हे पेरणीच्या आधी माहीत असणे याचे मोल शेतकऱ्यालाच कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवाशाहून प्रवरासंगमाकडे जाताना रस्ता उसातून जातो. एका ठिकाणी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि पलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्या. बायका रस्त्याच्या कडेने हंडे घेऊन चालल्या होत्या. गाडीत गाण्यांच्या भेंड्या चालू होत्या. ते आमच्या गावचे लोक नव्हते, माझे आई-वडील तेव्हा तिकडे दूर कोल्हापूरकडे होते. तरी मी खिडकीची काच वर केली आणि दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले. पुढे संगमावर जायकवाडीचे पाणी लागले, पक्ष्यांचे थवेच्या थवे होते, सगळ्यांनी फोटो काढले.

अंबर संत नव्हता हेही लिहिले पाहिजे, नाहीतर हे चरित्र जयंतीचे भाषण होईल. त्या डच व्यापाऱ्याने ऐकून लिहिलेली एक हकिगत अशी. निजामशहाची दुसरी राणी इराणी होती. तिने अंबराच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. मुलीने बापाला कळवले, आणि अंबराने राजा-राणी दोघांनाही विष देवविले. सगळे इतिहासकार ही हकिगत जशीच्या तशी मानत नाहीत. पण राजा नावापुरता आणि सत्ता अंबराच्या हाती, हे सर्वांनाच मान्य आहे. दुसरी गोष्ट मला अधिक टोचली. तो स्वतः विकला गेलेला, पण त्याच्या फौजेत हबशी गुलाम हजारांनी होते आणि ते बाजारातूनच आणलेले. आपल्यावर जे आले ते त्याने बंद पाडले नाही, चालू ठेवले. हे मी वर्गात मांडले तेव्हा एका मुलाने विचारले की त्या काळी सगळेच तसे करीत, मग त्यालाच दोष का? त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या काळच्या बाकीच्या राजांना मोखाच्या बाजारात उभे राहावे लागले नव्हते. आमच्या तालुक्यातसुद्धा आजचे किती मुकादम काल कोयताच धरीत होते!

बादशहा जहांगीर त्याचा इतका द्वेष करी की आपल्या आठवणींत तो त्याचे नाव शिव्यांशिवाय लिहीत नाही. दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या शिरावर बाण सोडतो आहे. सरांनी ते मोबाइलवर दाखवले. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर कधी समोरासमोर आलेच नाहीत. १६१६ साली जालन्याजवळ रोषणगावला अंबराचा मोठा पराभव झाला, लखुजी जाधवांसारखे सरदार तेव्हा मोगलांकडे गेले होते. मोगलांनी खडकी जाळली. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम आला आणि नगरचा किल्ला परत द्यावा लागला. अंबर सत्तरीला आला होता. जळलेले शहर त्याने पुन्हा बांधले.

आता भातोडी. नगरपासून पंधरा-वीस किलोमीटरवरचे हे गाव आम्ही खरे तर पहिल्याच दिवशी दुपारी पाहिले. सहलीचा क्रम आणि आयुष्याचा क्रम एक नसतो म्हणून ते येथवर राखून ठेवले. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एक झाले आणि दोन्ही फौजा नगरच्या परिसरात अंबरावर आल्या. तो शहात्तर वर्षांचा. त्याने भातोडीच्या तलावाच्या आसऱ्याने छावणी केली. पावसाचे दिवस होते. त्याने तलावाचा बांध फोडला, सगळा मुलूख चिखल करून टाकला आणि शत्रूच्या तोफा-हत्ती जागच्या जागी रुतवले. मग रात्रीचे छापे सुरू झाले. शत्रूच्या छावणीत उपासमार होऊ लागली, शिपाई पळून येऊन अंबराला मिळू लागले. शेवटी हल्ला केला तेव्हा विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि मोगल सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी अंबराच्या बाजूने लढले. शरीफजी तेथेच पडले. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून या दोघा भावांची नावे ठेवली अशी परंपरा आहे, आणि त्यांतला धाकटा नगरच्याच मातीत गेला. त्यांची समाधी भातोडीला आहे. आम्ही तिला हार घातला.

तलावाच्या बांधावर आम्ही डबे सोडले. इंग्रजी अमदानीत दुरुस्ती झालेला हा तलाव, डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी होते. एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन आले होते. त्यांना लढाई माहीत होती, शरीफजीराजे माहीत होते. बांध कोणी फोडला हे मी विचारले तर त्यांनी शहाजीराजांचे नाव सांगितले. सरांकडे पाहिले, ते भाकरी खात होते. मग मीच बाबांना मलिक अंबराची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारले की हबशी म्हणजे लई लांबचा का? मी समुद्रापलीकडचा म्हणून सांगितले. एवढ्या लांबच्याला इथला बांध कुठे कच्चा आहे ते कसे समजले, असा त्यांचा पुढचा प्रश्न. चाळीस-पन्नास वर्षे ह्याच मुलखात काढली होती त्याने, असे मी म्हटले. बाबांना ते पटले.

भातोडीनंतर दोन वर्षांनी, मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. वय सुमारे अठ्ठ्याहत्तर. मोगलांच्या दरबारी इतिहासकारानेसुद्धा त्याच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि कारभारात त्याला तोड नव्हती अशा अर्थाचे लिहिले. जिवंतपणी ज्याला शिव्या दिल्या त्याला मेल्यावर ही कबुली मिळाली. त्याचा मुलगा फत्तेखान वजीर झाला. त्याने खडकीचे नाव फत्तेनगर केले, निजामशहाला ठार केले, कधी मोगलांकडे कधी विजापूरकडे झुकला, आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांना देऊन त्यांचा तनखा घेऊन बसला. शहाजीराजांनी एक अल्पवयीन निजामशहा पुढे करून तीन वर्षे राज्य ओढले. १६३६ साली तेही संपले.

खुलताबादला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. औरंगजेब १७०७ साली आमच्या भिंगारपाशी वारला आणि त्याला येथे आणून पुरले. आमचे तासभर त्याच परिसरात गेले. मलिक अंबराची कबर कार्यक्रमात नव्हती. मी, माझ्या दोन मैत्रिणी आणि सर असे चौघेच दहा मिनिटांच्या बोलीवर तिकडे गेलो. दगडी चौथऱ्यावर घुमटाची भक्कम इमारत. ती त्याने जिवंतपणीच बांधून घेतली. आत कोणी नव्हते, पारवे होते. शेजारी करीमाची कबर, आकाराने लहान. मी चौथऱ्याला चालत फेरी मारली आणि पावले मोजून वहीत लिहिली. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजू लागला. संध्याकाळी वेरूळला घृष्णेश्वराच्या मंदिरात, ज्याचा जीर्णोद्धार आधी मालोजीराजांनी आणि पुढे होळकरांनी केला, तेथे अहिल्यादेवींचा विषय मिळालेल्या मुलीची बोलण्याची पाळी होती.